दुखत नाही, खुपत नाही. मग डॉक्टरकडे कशाला?

दिवाळी अंकासाठी लिहावयाचे म्हटले की माझी नेहमीच पंचाईत होते. वर्षभर या सदरातून खोकला, जंत आणि जुलाब यांच्याविषयी लिहिणाऱ्या माणसाने सणासुदीला वाचकांपुढे काय ठेवावे? चकली-करंजीच्या ताटाशेजारी औषधाची बाटली कोणी मांडीत नाही. संपादकांनीही या खेपेस बजावले, "डॉक्टर, यंदा आजार नकोत हं!" तेव्हा ठरविले, की यंदा आजारी मुलांविषयी अवाक्षर काढावयाचे नाही. लिहावयाचे ते निरोगी मुलांविषयी. खाऊन-पिऊन, खेळून-बागडून घर डोक्यावर घेणाऱ्या मुलांविषयी.

आणि अशा मुलांनाही डॉक्टरकडे का न्यावे, याविषयी!

हे वाचून कपाळाला आठ्या घालणाऱ्या एक आजी मला आताच दिसू लागल्या आहेत. गेल्याच महिन्यात त्या माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. सूनबाईंनी दोन वर्षांच्या नातवाला नुसते तपासावयास आणले होते. ताप नाही, खोकला नाही, काही नाही. आजी मोठ्या नाखुशीने बरोबर आलेल्या. नातू टेबलाखाली शिरून माझ्या चपलेचा पट्टा सोडवीत होता.

"डॉक्टर," आजी म्हणाल्या, "दुखत नाही, खुपत नाही, पोर कसे उड्या मारते आहे पाहा. मग डॉक्टरकडे कशाला? आम्ही पाच मुले वाढवली. एकालाही बरे असताना दवाखान्याची पायरी दाखवली नाही."

मी म्हटले, "आजी, लक्ष्मीपूजनाला घरातले दागिने तुम्ही बाहेर काढता, पुसता, नीट पाहता. ते हरवले म्हणून काढता का?"

आजी हसल्या, पण पटल्यासारखे दिसले नाही. मग मी त्यांना एका मुलीची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हांलाही सांगतो. ती सांगताना मला अभिमान वाटत नाही, हे आधीच कबूल करतो.

ही मुलगी जन्मापासून माझ्याकडे येत असे. आईवडील दोघेही नोकरी करणारे, सुशिक्षित. मुलीच्या साऱ्या लसी वेळेवर झालेल्या. सर्दी, ताप, कान दुखणे, पोट बिघडणे अशा कारणांसाठी आठ वर्षांत मी तिला तीस-चाळीस वेळा तरी तपासले असेन. तिचा घसा मला पाठ होता म्हणा ना! अभ्यासात हुशार, वाचनाची आवड. पुढे एका दिवाळीत इमारतीच्या आवारात मुलांनी किल्ला केला. कोणी तरी कागदाच्या सुरळीची दुर्बीण केली आणि एकेकाने एक डोळा मिटून बुरुजावरचे मावळे पाहावयास सुरुवात केली. हिची पाळी आली. तिने सुरळी उजव्या डोळ्याला लावली आणि म्हणाली, "यातून मावळे दिसतच नाहीत. ही दुर्बीण खोटी आहे!" मुले हसली. वडील मात्र जवळच उभे होते. त्यांनी सुरळी डाव्या डोळ्याला लावावयास सांगितले. त्या डोळ्याला मावळेही दिसले आणि त्यांच्या हातातल्या तलवारीही दिसल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी निदान केले ते 'आळशी डोळ्या'चे. उजव्या डोळ्याचा नंबर जन्मापासूनच मोठा असावा. दोन डोळ्यांपैकी एक स्पष्ट आणि एक अंधूक चित्र धाडू लागला, की मेंदू अंधूक चित्राकडे दुर्लक्ष करावयास शिकतो, आणि पुढे पुढे तो डोळा पाहण्याचे कामच सोडून देतो. बाहेरून काही दिसत नाही. डोळा लाल नाही, तिरळा नाही, दुखत नाही. मूल तक्रार करीत नाही, कारण दोन्ही डोळ्यांनी सारखे दिसावयास हवे, हे त्याला कोण सांगणार? तीन-चार वर्षांच्या वयात हे कळले, तर चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून आळशी डोळ्याला कामाला लावता येते. सातव्या वर्षानंतरही उपचार करतात, पण यशाची खात्री कमी होत जाते. या मुलीचा डोळा सुधारला. पण पुरता नाही.

वडिलांनी मला विचारले, "डॉक्टर, इतक्या वेळा तुम्ही तिला पाहिलेत, मग हे कसे कळले नाही?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर सोपे होते. मी तिला पाहिले ते नेहमी आजारी असताना. तापाने फणफणलेल्या, रडणाऱ्या मुलाचे डोळे कोण तपासतो? त्या वेळी ताप उतरविणे एवढेच आईच्या मनात असते आणि डॉक्टरच्याही. बरी झाली की ती येत नसे, आणि मीही कधी म्हटले नाही की, "हिला बरी असताना एकदा घेऊन या." ती चूक आईवडिलांची नव्हती. ती माझी होती. त्या दिवसापासून हे वाक्य म्हणावयास मी कधी विसरत नाही. आजचा लेखही त्याच वाक्याचा विस्तार आहे.

आता कोणी विचारील, की बरे असलेले मूल घेऊन गेल्यावर डॉक्टर करतो तरी काय? क्रमाने सांगतो, म्हणजे तुम्ही गेलात तर काय अपेक्षा करावी हे कळेल, आणि एखादी गोष्ट राहून गेली तर तुम्हीच आठवण करून देऊ शकाल.

पहिली तपासणी बाळ जन्मले की लगेच, रुग्णालयातच होते. हृदयाचे ठोके, टाळू, खुब्याचे सांधे, मुलगा असल्यास दोन्ही वृषण जागेवर उतरले आहेत की नाहीत, डोळ्यांवर उजेड टाकल्यावर बाहुली लालसर चमकते की पांढरी दिसते, हे सारे पाहावयाचे असते. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉईडची तपासणी करता येते. ती अवश्य करून घ्यावी, कारण ही उणीव वेळीच कळली तर रोजच्या एका स्वस्त गोळीने बाळाच्या बुद्धीचे नुकसान टळते. तसेच कानाचे. बाळ झोपलेले असताना कानात लहानशी बोंडी बसवून काही मिनिटांत ऐकण्याची चाचणी होते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा त्याचा हिशेब आहे. "टाळी वाजवली की दचकतो," ही घरगुती परीक्षा पुरेशी नाही. मोठ्या आवाजाला दचकणारे मूलही हळू बोलणे ऐकत नसेल.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन थोडे उतरते. आई घाबरते. पण जन्माच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंतची घट स्वाभाविक असते, आणि दहा ते चौदा दिवसांत ती भरून निघते. निघाली नाही, तर मात्र अंगावरच्या दुधाचे कोठे अडते आहे, ते पाहावयास हवे. या भेटीत चांगला डॉक्टर आईलाही दोन प्रश्न विचारतो : "झोप मिळते का? मन उदास राहते का?" भगिनींनो, या प्रश्नाला "सगळे ठीक आहे" असे ठोकून देऊ नका. बाळंतपणानंतरची उदासी हाही उपचार असलेला आजार आहे, आणि आईचे मन आजारी असेल तर बाळाचे संगोपन नीट होत नाही.

पुढच्या भेटी लसींच्या निमित्ताने आपोआप ठरतात. सहा, दहा आणि चौदा आठवडे, मग नववा महिना, मग दीड वर्षाच्या सुमारास. मौज अशी, की पुष्कळ घरांतून या भेटींना 'सुईचा दिवस' एवढेच नाव असते. सुई टोचली, बाळ रडले, चला घरी! सुईला लागतो अर्धा मिनिट. खरे काम उरलेल्या पंधरा मिनिटांत व्हावयाचे असते. बाळाचे कपडे उतरवून वजन होते, लांबी आणि डोक्याचा घेर मोजला जातो. आई हसली की दोन महिन्यांचे बाळ हसते का, चौथ्या महिन्यात मान धरते का, आठव्या-नवव्या महिन्यात आधाराशिवाय बसते का, दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही असे तर नाही ना, हे पाहिले जाते. पहिल्या वर्षभर ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज चालू आहेत ना, सहा महिने पुरे झाल्यावर वरचे अन्न सुरू झाले ना, याची विचारपूस होते.

आता वजनाविषयी दोन शब्द, कारण घराघरांतून सर्वांत अधिक अश्रू याच विषयावर ढाळले जातात. तीन किलोचे बाळ पाच महिन्यांच्या सुमारास सहा किलोचे होते, वर्षाचे झाले की नऊ किलोचे, आणि दोन वर्षांचे झाले की बारा किलोच्या आसपास. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलो आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम तीन! त्यापुढे तर वर्षाला दोनच किलो. वर्षभराच्या मुलाची भूक कमी होते ती यामुळेच. त्याला वाढावयाचे कमी असते, म्हणून ते खाते कमी. आणि आई मात्र वाटी-चमचा घेऊन त्याच्या मागे घरभर धावत असते.

मुलाच्या वजनाचा एकच आकडा काही सांगत नाही. सांगते ती रेषा. डॉक्टर प्रत्येक भेटीत तक्त्यावर एक ठिपका देतो आणि ठिपके जोडतो. तक्त्यावर आधीच काही वक्ररेषा छापलेल्या असतात. जे मूल खालच्या रेषेला धरून का होईना, पण तिच्याबरोबर सतत वर चढते आहे, त्याची काळजी बहुधा नको. जे मूल वरच्या रेषेवरून घसरत दोन रेषा खाली आले, ते दिसावयास बरे असले तरी त्याची चौकशी हवी. आणि जे भराभर वरच्या रेषा ओलांडीत चालले आहे, त्याला 'बाळसे' म्हणून कौतुक करण्याचे दिवस आता गेले. शहरांतून हा तिसरा प्रकार मी अधिकाधिक पाहतो.

"आमच्या घराण्यात हाडेच बारीक," असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांच्यासाठी एक माहिती देतो. पाच वर्षांखालील मुलांसाठी आपण जे तक्ते वापरतो, ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुले त्यासाठी मोजली होती. भारतातील मुले दक्षिण दिल्लीची होती. आईचे दूध, पुरेसे अन्न आणि स्वच्छ घर मिळाले, तर साऱ्या देशांतील लहान मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यातून दिसले. तेव्हा बारीक हाडांचा बहाणा फार ताणू नये.

येथे आजींसाठी एक गंमतीची गोष्ट. दोन वर्षांपर्यंत मुलाला निजवून मोजतात आणि नंतर उभे करून. उभे राहिल्यावर माप सुमारे पाऊण सेंटिमीटर कमी भरते. त्या दिवशी आलेल्या आजींचा नातू नेमका त्या उंबरठ्यावरचा. त्याला मी प्रथमच उभा करून मोजला, आणि आजी उद्गारल्या, "अगं बाई, पोर कमी झाले की!" कमी झाले नव्हते. मोजण्याची रीत बदलली होती.

दीड ते दोन वर्षांच्या भेटीत मला वजनापेक्षा बोलण्यात अधिक रस असतो. नावाने हाक मारल्यावर मूल वळून पाहते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? दोन वर्षांचे झाल्यावर "पाणी दे", "बाबा आले" असे दोन शब्द जोडते का? "त्याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते," असे म्हणून दोन दोन वर्षे घालविलेली घरे मी पाहिली आहेत. वडील उशिरा बोलले असतील. पण आधी मुलाचे कान तपासा, आणि ते इतरांशी नाते कसे जोडते, ते जाणकाराला पाहू द्या. काही नसेल तर आनंदच आहे. असेल तर गेलेला प्रत्येक महिना मोलाचा असतो. याच भेटीत मोबाईलची चौकशीही होते. दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे. परगावच्या आजी-आजोबांशी समोरासमोर चार शब्द बोलावयाचे असतील, तर तेवढी सूट आहे.

फिकेपणाकडेही लक्ष हवे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० भारतीय मुलांपैकी ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. हा आकडा केवळ गरिबांच्या घरचा नाही. दिवसाला चार पेले दूध पिणारे आणि भाजी-भाकरीला तोंड न लावणारे मध्यमवर्गीय मूल त्यात हमखास असते. दुधात लोह फारच थोडे असते.

तीन वर्षांनंतर वर्षातून एक भेट पुरते. तेव्हा रक्तदाब पाहावयाचा, दात पाहावयाचे (दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून किडू द्यावयाचे नसतात) आणि एकेक डोळा झाकून नजर तपासावयाची. ही शेवटची गोष्ट पाहून घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका. शाळेच्या वयात उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. ती चारच्या खाली गेली, तर कारण शोधावे. पाच-सहा वर्षांचे झाल्यावर, आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी, लसींचे जादा डोस असतात. पहिल्या दोन वर्षांत कार्ड जपून ठेवणारे पालकही हे डोस हटकून विसरतात.

काय अपेक्षा करू नये, हेही सांगतो. बरे असलेल्या मुलाच्या रक्ताच्या पंधरा तपासण्या, छातीचे चित्र आणि टॉनिकच्या बाटल्या, यांची गरज नसते. डॉक्टरांनी काहीच औषध दिले नाही, म्हणून पैसे फुकट गेले असे समजू नका. रिकाम्या हाताने परत येणे हेच या भेटीचे यश आहे.

आणि मुलाला आधी काय सांगावे? "गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाका सुई देतील," हे तर मुळीच नको. या एका वाक्याने आम्हां लोकांचे जितके नुकसान केले आहे, तितके कोणी केले नसेल. आईने एका चिठ्ठीवर आपल्या शंका लिहून आणाव्यात, कार्ड बरोबर घ्यावे, आणि शक्य तर वडिलांनीही यावे. मुलाला मी पाहतो पंधरा मिनिटे; तुम्ही पाहता रात्रंदिवस. "काही तरी वेगळे वाटते" असे आई म्हणाली, की मी ते कानाआड करीत नाही. निम्मी तपासणी तीच असते.

खर्चाचे म्हणाल, तर सरकारी दवाखान्यात वर सांगितलेल्या लसी आणि वजन-मापे विनामूल्य होतात. शिवाय २०१३ च्या फेब्रुवारीत, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यानुसार अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा, आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आरोग्यपथकाने तपासणी करावयाची असते. आता गंमत पाहा. अंगणवाडीतल्या मुलाकडे पथक आपण होऊन जाते. पण मोठी फी घेणाऱ्या खाजगी शाळेतले मूल त्या योजनेत बसत नाही. त्याच्याकडे पाहावयाचे ते आईवडिलांनीच. माझ्या त्या मुलीची शाळाही अशीच होती.

म्हणून एक सोपी युक्ती सुचवितो. मुलाचा वाढदिवस आला, की केक आणि कपडे यांच्या यादीत 'डॉक्टरकडे भेट' हे एक कलम घाला. दरवर्षी, त्याच आठवड्यात. विसरावयास जागाच राहत नाही.

आजींच्या नातवाची तपासणी झाली. सारे ठीक निघाले. मी औषध लिहून दिले नाही. आजी दाराशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, याची मोठी बहीण आहे, पाच वर्षांची. तिचे डोळे कधी कोणी पाहिलेच नाहीत हो."

"मग तिला बरी असताना एकदा घेऊन या," मी म्हटले.

या दिवाळीत तुमच्या अंगणात, गच्चीत किंवा जिन्याखाली मुले किल्ला करतील. त्यांना कागदाची एक दुर्बीण करून द्या. आधी एका डोळ्याने मावळे पाहू द्या, मग दुसऱ्या. ही काही डॉक्टरची तपासणी नव्हे, आणि तिच्यावर विसंबूनही राहू नका. पण एखादे मूल म्हणाले, की "ही दुर्बीण खोटी आहे," तर हसू नका. भाऊबीज झाली, की त्याला घेऊन या.